उशाखालच्या विटा

"तुमले आठे कोनी बलायं?" आक्काबाईंनी दारातच अडवलं.

कौतिक सोनवणे जागचे हलले नाहीत. वीस वर्षं औषध निरीक्षक म्हणून त्यांनी दुकानदारांच्या शिव्या पचवल्या होत्या. नोकरी सोडून जळगावात खाजगी तपासाचं काम सुरू केल्यापासून ते गिऱ्हाइकांच्या नातेवाइकांच्या पचवत होते. त्यांच्यामागे मदतीला आलेले धुळ्याचे निवृत्त हवालदार निंबा घाम पुसत उभे होते. १९९४ सालचा मार्च होता आणि सावद्याला आत्ताच ऊन भाजायला लागलं होतं.

"मी बोलावलं," आतून द्रौपदाबाई म्हणाल्या.

त्या या घराच्या विधवा सून. सासरे शालिग्राम आबा उभे राहिले की त्यांचा रक्तदाब घसरायचा, डोळ्यांपुढे अंधारी यायची आणि ते धाडकन पडायचे. मुंबईच्या डॉक्टरांनी रक्तदाब वर धरणाऱ्या गोळ्या परदेशातून मागवून दिल्या. दहाव्याच दिवशी, भर दुपारी, आबांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. तीन दिवसांपासून ते जळगावच्या दवाखान्यात होते. वाचा गेलेली, उजवं अंग लुळं.

"वहिनीने गोळ्या जास्त दिल्या, दुसरं काय!" धाकटा मुलगा मोतीलाल तावातावाने पुढे आला. "पाच वाजता फौजदाराकडे तक्रार देतोय. तोवर हिने दवाखान्याची पायरी चढायची नाही."

"दुसऱ्याच्या हातचं पाणीही ते घेत नाहीत," द्रौपदाबाई म्हणाल्या. "तीन दिवस मला त्यांच्याजवळ जाऊ दिलं नाही."

"जहर पाजाले जाशी का?" आक्काबाई कडाडल्या. त्या आबांच्या थोरल्या बहीण, भडगावच्या. घटनेच्या दिवशी सकाळीच आल्या होत्या.

"आबांची खोली दाखवा," कौतिक म्हणाले.

"पुरावा म्हणून त्याच दिवशी कुलूप लावलंय. मी काही हलवलेलं नाही," मोतीलालने किल्ली आपटली.

खोलीत लाकडी खाट होती. उशाकडच्या दोन पायांखाली दोन-दोन विटा. उशामागच्या खिडकीतून सातपुडा दिसत होता, समोरच्या खिडकीतून केळीची बाग.

"चादर कधी घातली?"

"त्याच दिवशी सकाळी," द्रौपदाबाई म्हणाल्या. "खाट डॉक्टरांच्या सांगण्यावरून उंच केली. आणि बाग दिसावी म्हणून आबांनी उशी या बाजूला घेतली."

कौतिकांनी चादर उशीपासून पायथ्यापर्यंत न्याहाळली. पायथ्याशी बोट टेकवलं, नाकाशी नेलं. मग गोळ्यांची बाटली ओतून मोजली.

"एकसष्ट."

"म्हणजे किती जास्त दिल्या?" निंबांनी उत्साहाने विचारलं.

"नव्वदची बाटली. रोज तीन, नऊ दिवस. दहाव्या दिवशी सकाळची आणि दुपारची. तुम्हीच करा हिशोब."

निंबांनी बोटं मोजली आणि त्यांचा चेहरा पडला. "एकही जास्त नाही हो!"

ओसरीवर चहा आला. निंबांनी स्टूल ओढलं, तोच आक्काबाई खेकसल्या, "तिकडे तोंड करीसनी चहा पेस? यमनी दिशा शे ती! फिर!"

निंबा मुकाट्याने फिरले.

"आक्का, त्या दिवशी काय काय झालं?" कौतिकांनी विचारलं.

"सकायले भाऊना डोकाले मी तेल चोपडं. दुपारले आम्ही दोन्हीच जेवनूत. तो आडा पडना नि मी एक वाजता मुक्ताईना दर्शनले गऊ."

"घरात आणखी कोण होतं?"

"कोनीच नही. हाई बाई तं गावले भटकाले गई व्हती!"

"भटकायला नाही. फैजपूरला दात काढायला," द्रौपदाबाई तुटकपणे म्हणाल्या. "बाराची गोळी दिली, खुर्चीत बसवलं. भाऊजींना बजावलं, चार वाजेपर्यंत आबांना आडवं होऊ देऊ नका."

"मी इथंच होतो," मोतीलाल म्हणाला. "दोन वाजता खोलीत गेलो, तर उशीवर डोकं ठेवून निपचित पडलेले. रोजच्यासारखेच, बागेकडे पाय."

कौतिकांनी चहाचा पेला खाली ठेवला. "तक्रार लिहून झाली असेल तर फाडा."

"का म्हणून?"

"ही गोळी रक्तदाब वर ढकलते. माणूस बसला-उठला तर ती त्याला सांभाळते. आडवा झाला, तर तोच दाब डोक्यात चढतो. म्हणून ती दिवसाच घ्यायची, शेवटची झोपण्याच्या चार तास आधी. घेतल्यावर आडवं व्हायचं नाही. रात्रीसुद्धा डोकं उंचावर, म्हणून विटा. आबांना बारा वाजता गोळी दिली आणि एकच्या आत कोणीतरी झोपवलं."

"जेवल्यावर मानूस पडाव नही का?" आक्काबाई म्हणाल्या.

"पडतो. पण तुम्ही त्यांना नुसतं झोपवलं नाहीत. सातपुडा आपल्या उत्तरेला, म्हणजे आबांची उशी उत्तरेला आणि पाय दक्षिणेला. चहासुद्धा तिकडे तोंड करून पिऊ न देणारी बाई भावाला असं झोपू देईल?"

आक्काबाई चिरक्या आवाजात म्हणाल्या, "उत्तरले डोकं मढानं ऱ्हास! मी उशी फिरवी. भाऊना भलासाठेच!"

"उशी फिरली, विटा तिथंच राहिल्या. पाय उंच, डोकं खाली. उतारावर माणूस सरकतो. आबांचं डोकं उशीवरून घसरलं आणि सकाळच्या तेलाचा डाग पायथ्याच्या चादरीवर पडला."

"पण मोतीलालला ते उलट बाजूला दिसले!" निंबा गोंधळले.

"दिसले नाहीत. यानेच आबांना फिरवलं, उशी जागेवर आणली. हा घरात असता तर आक्का 'दोघंच जेवलो, घरात कोणी नव्हतं' असं म्हणाल्या नसत्या. कुठे होतास मोतीलाल?"

"केळीच्या वजनकाट्यावर. पत्ते खेळायला. आलो तर आबांचं डोकं खाली, तोंड वाकडं. डॉक्टरांनी आडवं न होण्याचं बजावलं तेव्हा मी समोर होतो, बघताच कळलं. सगळे मलाच विचारणार होते, की तू कुठे होतास."

"म्हणून बाईला तुरुंगात धाडत होतास, नालायका?" निंबा पहिल्यांदाच आवाज चढवून बोलले.

"नक्की कारण दवाखान्यातले डॉक्टर सांगतील," कौतिक म्हणाले. "पण बाप कसा पडला होता, हे तू त्यांच्यापासूनही लपवलंस. आज ते सांगायचं, आणि फौजदारालाही."

आक्काबाई भिंत धरून खाली बसल्या. "म्हंजे मीच... मना हातेच..."

द्रौपदाबाईंनी पिशवीत आबांचं धोतर, तांब्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी भरली.

"वहिनी, जीप काढतो," मोतीलाल म्हणाला.

"एसटी आहे मला."

"माले बी ली चाल वं," आक्काबाई रडत म्हणाल्या. "एक डाव पाय धरू दे भाऊना."

"तीन दिवस मी दवाखान्याच्या फाटकापाशी उभी होते, आत्याबाई. तुम्ही तिथल्या रखवालदाराला काय सांगितलं होतं?"

"हाई बाईले आत येऊ देऊ नको," आक्काबाई पुटपुटल्या.

"तेच मी आता तुमच्याबद्दल सांगणार," द्रौपदाबाई म्हणाल्या आणि चपला घालून स्टँडकडे निघाल्या.