बारा सोंगट्यांचं कुंपण

एकाच खेळात, एकाच मुलाकडून, ओळीनं तीनदा हरायचं म्हणजे घोडं कुठंतरी पेंड खातंय. पण कुठं, ते केतकीला काही केल्या कळेना.

चंद्रावरच्या पायथा वस्तीत पोरांची एक रीत होती. भांडण झालं तर मोठ्यांकडे जायचं नाही, 'कुंपण' खेळायचं. खेळ पोरांनीच बसवलेला. चौकोनी घरांचा पट, दोघांच्या दोन रंगांच्या सोंगट्या. आळीपाळीनं एकेक सोंगटी घरात ठेवायची, ठेवली की हलवायची नाही. आपल्या सोंगट्यांच्या आत जी घरं अडकतील ती आपली जमीन. पटाची कड भिंत धरायची, आणि दोन सोंगट्या नुसत्या कोपऱ्याला कोपरा टेकल्या तरी कुंपण पक्कं. ज्याची जमीन जास्त, त्याचं म्हणणं चालायचं.

या वेळचं भांडण खोल मातीच्या एकुलत्या एक वाफ्याचं होतं. केतकीच्या आंब्याच्या रोपाची मुळं कुंडीच्या भोकातून बाहेर आली होती. वाफा मिळाला नाही, तर रोप वाळणार. योहानला तिथं मिरच्या लावायच्या होत्या. वस्तीतलं जेवण इतकं सपक, की त्याला नावं ठेवायलाही काही सापडत नसे. खरा डाव उद्यावर आला होता आणि सरावात केतकी आपटी खात होती.

तिचे आजोबा पृथ्वीवरून पाहुणे आले होते. ते मृदाशास्त्रज्ञ (मातीचा अभ्यास करणारे). तिसरी हार त्यांनी शेजारी बसून पाहिली आणि योहान गेल्यावर विचारलं, की तुम्ही दोघं पटाच्या मध्यासाठीच एवढ्या झिंज्या का उपटता?

"मधे ऊब असते ना," केतकी म्हणाली.

"पटावर थंडी वाजते का गं?"

केतकीनं वर घुमटाकडं पाहिलं. पायथा वस्तीचा घुमट काचेचा. मधोमध ऊबयंत्र, आणि काचेलगत असा गारठा की तिथं कुणी झोपतही नाही, काही पेरतही नाही. इथं जन्मलेल्या पोरांना रांगायला लागल्यापासून एकच ओरडा ऐकू यायचा, कडेला जाऊ नकोस. मग पटावर तरी कोण जाणार? आजोबा म्हणाले, याला गृहीतक म्हणतात (न तपासता खरी धरलेली गोष्ट). घुमटात ते बरोबर होतं. पटावर ते कुणी तपासलंच नव्हतं.

मग त्यांनी तिला पटाच्या मधे तीन बाय तीन, अशा नऊ घरांभोवती कुंपण घालायला लावलं. चारी बाजूंना तीन-तीन, बारा सोंगट्या लागल्या. तीच नऊ घरं कडेला घेतली, तर नऊच सोंगट्या लागल्या, कारण एक बाजू पटानं फुकट दिली. कोपऱ्यात दोन बाजू फुकट, म्हणून सहा सोंगट्यांत काम झालं. आजोबांचं पंचगंगेकाठचं शेत असंच होतं. एका अंगाला नदी, म्हणून त्यांचे वडील तीनच बाजूंना काटेरी कुंपण करायचे.

"आता कोपऱ्यात बाराच्या बारा लाव," आजोबा म्हणाले.

दोन बाजूंना सहा-सहा लावून केतकीनं आतली घरं मोजली. छत्तीस! पुन्हा मोजली, तरी छत्तीसच. कुंपण तेवढंच, पण क्षेत्रफळ (आतली जागा) चौपट. आजवर आपण काय खुळ्यासारखं खेळत होतो, या विचारानं तिला आधी राग आला, मग हसू फुटलं.

दुसऱ्या दिवशी तिनं पहिली सोंगटी कोपऱ्याजवळ ठेवली, तेव्हा जमलेली पोरं खिदळली. गारठशील, असं कुणीतरी म्हणालंही. योहाननं खुशाल मध्य गाठला. डाव पुढं सरकला, तशी त्याची मान खाली गेली. त्यानं एका कोपऱ्यात घुसून तो हिसकावलासुद्धा. पण उरलेले तीन कोपरे तिनं सोडले नाहीत. मोजणी झाली, वाफा केतकीचा झाला.

"आयत्या बिळावर नागोबा," योहान कुरकुरला आणि लगेच, कसं केलंस ते दाखव म्हणून मागं लागला. तिनं सगळं दाखवलं.

संध्याकाळी तिघांनी मिळून रोप लावलं. फळ धरायला वर्षं लागतील आणि तोवर आजोबा पृथ्वीवर परत गेलेले असतील, या विचारानं केतकीला रडू आलं. आजोबांनी तिची पाठ थोपटली आणि वाढलेला आंबा केवढा होतो, ते हात पसरून सांगितलं. झाडाखाली कधीही न बसलेला योहान वाफ्याची कड पायानं मोजू लागला.

"सावली वाफ्याबाहेर पडेल की," तो म्हणाला. "ती कुणाची?"

केतकीनं डोळे पुसले. "जो बसेल त्याची," ती म्हणाली, आणि तिनं रोपाला पाणी घातलं.