विजयमालाचं लॉगआउट

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, पण यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. योगिनी माझी मावसबहीण. बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या एका डाळिंबाच्या पॅकहाऊसमधले बारा कॉम्प्युटर ती सांभाळते. गेल्या नोव्हेंबरातला गुरुवार. संध्याकाळचे साडेपाच.

सगळी मशीनं लिनक्सवर. योगिनीनं व्हिडिओ बघून बघून दोन स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारे छोटे प्रोग्रॅम, लिहिलेल्या, सगळ्यांना सारख्याच. कुणीही लॉगिन केलं की फाईलीत नाव, वेळ आणि 'आत'. लॉगआउट केलं की 'बाहेर'.

तिथंच कॉम्प्युटरवर बसणाऱ्या विजयमालाच्या नावापुढं 'बाहेर' कधी पडायचंच नाही. ती सरळ बटण दाबून मशीन बंद करायची अन् एसटीकडं पळायची.

"अगं, नीट लॉगआउट करून जा की!"

"ताई, यष्टी काय तुमच्या स्क्रिप्टसाठी थांबती व्हय?"

सगळ्या पोरी हसल्या. योगिनीला लागलं ते. तिनं त्या दिवशी विजयमालाला हट्टानं बसवून घेतलं, शिकवायला.

एसटी गेली.

विजयमालानं रागानं बटणच दाबलं, अन् कुणाच्या तरी स्कूटीवर मागं बसून निघाली.

रस्त्यात उसाची ट्रॉली उभी होती. मागं दिवा नव्हता.

सोमवारी योगिनीनं फाईल उघडली...

विजयमाला. ९:०५. आत.

तिनं विजयमालाचं लॉगिनचं खातंच काढून टाकलं. मंगळवारी पुन्हा...

विजयमाला. ९:०५. आत.

तिची खुर्ची रिकामी. पण त्या की-बोर्डवर बांगड्या घासल्यासारखा बारीक आवाज... दिवसभर.

बुधवारी दुपारी तिची आई, रंगूबाई, कन्हेरीहून आली.

"रोज सांच्याला दाराची कडी वाजती बाई. उघडलं तर कुणीबी न्हाय. माझी पोर हितंच अडकलीया का? सोडव तिला."

साडेपाचला योगिनीनं हात जोडले, अन् विजयमालाच्या नावानं लॉगआउटची स्क्रिप्ट स्वतः चालवली.

विजयमाला. ५:३०. बाहेर.

बांगड्या थांबल्या.

त्या रात्री योगिनी आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवली.

तिसऱ्या दिवशी रंगूबाईचा फोन. रडत होती.

"कडी वाजायची थांबली गं..."

"मग चांगलं झालं की, मावशी."

"कशाचं चांगलं? दारापतुर तरी येत हुती! परत आत घे तिला. पाया पडते तुझ्या."

योगिनीनं त्याच नावाचं खातं पुन्हा उघडलं. वाट बघितली. नऊ वाजून पाच झाले. दहा झाले...

'आत' आलंच नाही.

साडेपाचला मात्र ओळ पडली. बाहेर. दुसऱ्या दिवशीही बाहेर. योगिनीनं दोन्ही स्क्रिप्ट पुसल्या, तरी बाहेर. मी स्वतः पाहिलीय ती फाईल. आत एकदाही नाही... नुसतं बाहेर, बाहेर, बाहेर.

रंगूबाई अजून रोज फोन करते.

"निघाली का गं?"

"निघाली, मावशी."

तेवढं तरी खोटं नसतं. कुठं निघाली, हे म्हातारीनं विचारायच्या आत योगिनी फोन ठेवून देते.