थाळीतला आवाज

कॉलेजात मुलं त्यांना लाटाबाई म्हणत. पाण्यातल्या, हवेतल्या, दोरीवरच्या लाटा हाच त्यांचा शिकवण्याचा विषय. घरी मात्र त्या दादाची धाकटी बहीण. दादा रेडिओवर बातम्या द्यायचा. त्याचा आवाज लागला की माणसं हातातलं काम थांबवत. मग घशात गाठ निघाली. ऑपरेशनमध्ये गाठीबरोबर स्वरतंतूही काढावे लागले. नेटानं सराव केला तर कुजबुजण्यापुरतं बोलता येईल, असं डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. पण दादानं तोंडाला कुलूपच घातलं. वहिनी विनवून विनवून थकली. तो खिडकीशी बसून राही, आणि कुणी भेटायला आलं की झोपेचं सोंग घेई.

लाटाबाईंनी त्याच्यासाठी एक यंत्र केलं. पत्र्याचा डबा, त्यावर ताणलेला रबरी पडदा, पडद्यावर उथळ काळी थाळी, थाळीत पाणी. डब्याच्या नळीत बोललं की पडदा थरथरे आणि पाण्यावर नक्षी उठे. ‘आ’ची पाकळ्यांसारखी, ‘ई’ची जाळीसारखी.

दादानं नळीत नुसता श्वास सोडला, तरी पाण्यावर बारीक शिरशिरी आली. कितीतरी दिवसांनी तो हसला.

“आजवर लोकांनी मला पाण्यात पाहिलं,” तो खरखरत कुजबुजला, “आता मीच पाहतो.”

त्या दिवसापासून तो थाळीपुढून हलेना. कुजबुज हळूहळू स्पष्ट होत गेली. वहिनीचा चेहरा उजळला.

एका दुपारी लाटाबाई चहा घेऊन आत आल्या. दादा नळीपासून लांब, ओठ मिटून बसला होता. थाळीत नक्षी होती. भरगच्च, सावकाश बदलणारी, एखादं लांबलचक वाक्य चालू असावं तशी.

त्यांनी आधी पंखा बंद केला. मग फ्रिज. रस्त्यावर एकही वाहन नव्हतं. शेवटी थाळी उचलून खिडकीच्या दगडी कट्ट्यावर ठेवली. आता खाली ना पडदा होता, ना डबा. नक्षी थांबली नाही. मग त्यांनी यंत्रावर दुसरी थाळी ठेवली आणि दादाच्या जुन्या बातम्यांची टेप नळीशी लावली. दोन्ही पाण्यांवर एकाच वळणाची नक्षी उठत होती. एकाच माणसाची दोन वेगळी वाक्यं असावीत तशी.

लाटाबाईंनी टेप बंद केली.

“काय म्हणतंय ते?” त्यांनी विचारलं. आपण हे विचारतोय याचंच त्यांना नवल वाटलं.

“आत घे, म्हणतंय,” दादा कुजबुजला.

पाणी ओतून टाकायला त्यांनी कट्ट्यावरची थाळी उचलली. दादानं ती अगदी हळुवारपणे त्यांच्या हातून काढून घेतली आणि तोंडाला लावली. थेंबही सांडू न देता सगळं पाणी पिऊन टाकलं.

“आता बरं वाटतंय,” तो म्हणाला.

तोच भरदार, जुना आवाज. वहिनी स्वयंपाकघरातून धावत आली आणि दाराला धरून रडू लागली.

डॉक्टरबाईंनी घशात दोनदा कॅमेरा घातला. पडद्यावर लाटाबाईंनीही पाहिलं. स्वरतंतूंच्या जागी काही नव्हतं. डॉक्टरबाई बराच वेळ हात धूत राहिल्या आणि पुन्हा यायची गरज नाही म्हणाल्या. कुठंतरी पाणी मुरतंय, हे लाटाबाईंच्या ओठांवर आलं होतं, पण घरी पोचताच वहिनीनं त्यांचा हात घट्ट धरला.

“वन्सं, माणूस बोलायला लागलाय. आता खोदत बसू नका.”

त्यांनी खोदलं नाही. भाऊ परत मिळाला होता. तो कसा मिळाला, हे त्यालाच विचारायचं धैर्य त्यांना झालं नाही.

रविवारी सगळे जेवायला बसले. दादा रेडिओतली एक फजिती रंगवून सांगत होता. वहिनीला हसून ठसका लागला. लाटाबाईही मनापासून हसल्या.

सांगता सांगता दादानं पेला उचलला आणि तोंडाला लावला. तो घटाघटा पाणी पिऊ लागला. घसा वर-खाली होत होता.

गोष्ट चालूच होती.