आईचा आवाज थोडा उशिरा

लिफ्ट बंद, बाहेर पावसाची पिरपिर आणि माझ्या छातीशी आमचा जुना कॉम्प्युटर. जिन्याच्या वळणावर मी एका माणसावर आदळले. तिसऱ्या मजल्यावरचा प्रिंटर ठीक करायला तो वर चालला होता. त्याने आधी माझ्याकडे नाही, त्या डब्याकडे बघितलं आणि भंगारात देताय का, असं विचारलं.

"दुरुस्तीला नेतेय," मी फणकारले. "तुम्हाला काय करायचंय?"

"तेच... दुरुस्ती." त्याने डबा माझ्या हातून घेतला. ओठ गंभीर होते, डोळे मात्र हसत होते. मला उगाच राग आला.

आई गेल्यापासून आमच्या घरात बोलणं असं उरलंच नव्हतं. ती कॉम्प्युटर शिकवायची, घरच्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली तिनेच घातलेली. बाबा त्यावर एका साप्ताहिकासाठी शब्दकोडी रचत. सकाळी अंथरुणातून उठायला त्यांच्याकडे तेवढंच कारण होतं. हल्ली मशीन दर दोन शब्दांना अडकायचं, आणि परवा बाबा म्हणाले होते, "राहू दे आता. बास झालं." ते फक्त कोड्यांबद्दल म्हणत नसावेत, या भीतीने माझी झोप उडाली होती.

जिन्यातला तो मेकॅनिक दुसऱ्या दिवशी डबा घेऊन घरी आला. या मशीनची रॅम आता बाजारात मिळत नाही, तेव्हा आहे त्यातच भागवायचं, असं म्हणाला. पडद्यावरचा जड डेस्कटॉप काढून हलका टाकला, तिथल्या खिडक्यांच्या सावल्या आणि नखरे बंद केले, सुरुवातीला आपोआप उघडणारं सगळं थांबवलं.

"तुमच्यासारखंच आहे हे," तो म्हणाला. "नको तेवढं अंगावर घेतं."

"आणि तुम्ही काय, हमाल?"

"सांगाल ते उचलतो..."

मी कपाटाकडे वळले, कारण मला हसू आलं होतं. या घरात कितीतरी दिवसांनी.

मशीन आता बटण दाबताच सुरू होत होतं. पण बाबा नुसते त्याच्यासमोर बसून राहू लागले. एकही कोडं नाही. शेवटी एका सकाळी मी कामावर गेलेच नाही, त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. पडद्याकडे बघतच ते म्हणाले, "ती आता बोलत नाही गं."

मशीन सुरू झालं की आईचा आवाज यायचा, तिनेच कधीतरी लावून ठेवलेला. मी त्याआधीच घराबाहेर पडत असे, मला हे ठाऊकच नव्हतं. मी मेकॅनिकला फोन करून लगेच यायला सांगितलं. तो भिजत आला. आवाज पुसला नव्हता, फक्त बंद केला होता; त्याने तो परत चालू केला.

"अहो, आधी चष्मा पुसा."

खोलीभर आई. मी सरळ रडले. त्याने धुळीने माखलेला रुमाल पुढे केला आणि स्वतः खिडकीबाहेर बघत राहिला.

तरी बाबांचा चेहरा उतरलेलाच. "आता फार घाईत असते ती," ते म्हणाले. पूर्वी बटण दाबून ते चहा करायचे, चष्मा शोधायचे, येऊन बसायचे, वाट बघायचे आणि मग ती बोलायची. आता मशीन लगेच सुरू होत असल्याने ती रिकाम्या खुर्चीशी बोलून मोकळी होणार होती.

तो पुन्हा मशीनसमोर बसला. मग म्हणाला, "जन्मभर मशीन पळवत आलो... आज थांबवून बघतो." आणि त्याने आवाज उशिरा येईल अशी सोय केली.

उशीर बरोबर जमतोय का ते बघायला तो सकाळी कामावर जाता जाता डोकावू लागला. बाबा कप घेऊन वाट बघत बसत. त्यांना त्रास नको म्हणून आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या दारात उभे. मीही आता उशिरा निघत होते.

"जास्त होतोय का वेळ?" एका सकाळी त्याने कुजबुजत विचारलं. "कमी करू?"

बाहेर तोच पावसाचा मळकट उजेड होता. आईची जागा रिकामीच होती, रिकामीच राहणार होती. त्याची बोटं माझ्या बोटांना लागली होती आणि आम्ही कुणीच ती काढून घेत नव्हतो. आई बोलली की तो निघून जाणार, एवढंच मला कळत होतं.

"कमी नको... वाढव," मी म्हणाले. तुम्हीचं तू कधी झालं, कळलंही नाही. "मला तू इथे हवा आहेस."

आतून आई म्हणाली, "अहो, आधी चष्मा पुसा." बाबांनी चष्मा पुसला आणि टाइप करायला घेतलं.

तो गेला नाही.