शलाकाची चाकोरी

मोरसड्याच्या फाटकापाशी कुमुद दळवींनी सायकलवर टांग टाकली, हेल्मेटचा पट्टा आवळला आणि हँडल नुसतं धरून ठेवलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग हँडल आपणहून किंचित डावीकडं वळलं, पेडलनं पायाला खालून हलकेच उचललं, आणि कुमुदताई म्हणाल्या, "आलीस? चल."

दर रविवारी त्या असंच म्हणायच्या. फाटकावरची माणसं ऐकून न ऐकल्यासारखं करायची, आणि ते त्यांच्याच भल्याचं होतं. उभा जन्म एसटीत कंडक्टरकी केलेली बाई. कुणी हसलं असतं तर तिथल्या तिथं पाणउतारा करून मोकळी झाली असती.

मोरसडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडंबोडकं पठार. वर बोटभर माती, तिच्यावर गवत, आणि जागोजागी पाणथळी. ती माती इतकी नाजूक, की एक चाक भलत्या जागी गेलं तर तिथं वर्षानुवर्षं काही उगवत नाही. म्हणून सडा राखीव झाला तेव्हा इथल्या सायकलवाल्यांनी आपण होऊनच नियम केला होता. सड्यावर चाकोरी एकच. पुढच्याचं चाक गेलं तिथूनच मागच्याचं जाणार, मग तो कुणी का असेना. पण नवख्यांना हे कसं जमावं? त्यासाठी 'ठसा' आला. एका जाणत्या वाटाड्यानं सडा पार करायचा. हँडल, पेडल आणि सीटमधले दाबमापक त्याचा प्रत्येक तोल, प्रत्येक ब्रेक टिपून ठेवायचे. मग मागून येणाऱ्या सायकलींमधल्या लहानशा मोटारी तसंच हँडल वळवायच्या, तसाच पेडलला जोर द्यायच्या. कालपरवा सायकल शिकलेल्याचंसुद्धा चाक वीतभर इकडंतिकडं होत नसे.

सड्यावरचा ठसा शलाकाचा होता. शलाका ही कुमुदताईंची एकुलती एक लेक, राखीव क्षेत्रात वनस्पतींची पाहणी करायची. ठसा दिल्यावर वर्षाच्या आत तिला लेप्टो झाला. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेलेली पोर परत घरी आलीच नाही.

कुमुदताई त्यानंतर सायकल शिकल्या. तोवर सायकल म्हणजे एसटीच्या टपावर टाकायची वस्तू, एवढंच त्यांना ठाऊक. पडल्या, गुडघे फोडून घेतले, शेजारणींची बोलणी खाल्ली. पण पहिल्यांदा सड्यावर गेल्या आणि हँडल वळलं, तेव्हा त्यांना लेकीचा हात कळला. चढाला लागण्याआधी शलाका जरा रेंगाळायची. आणि उताराला ही बया ब्रेकला हातच लावत नव्हती. घरी एवढी शहाणी, भाजीत मीठसुद्धा मोजून घालणारी, आणि इथं हे असले धंदे. जिवंत असती तर एक ठेवून दिली असती, असं कुमुदताईंना दर वेळी वाटे, आणि दर वेळी त्या उताराला डोळे मिटून घेत.

त्या रविवारी मोठ्या पाणथळीजवळ आसिफ मुजावर वाटेतच उभा होता. शलाकाचा बरोबरीचा सहकारी, आता इथला क्षेत्र अधिकारी.

"काकू, जरा उतरता? तुम्हाला काही दाखवायचंय."

"आधी तोंड सरळ कर तुझं. कोण गेलं का?"

त्यानं नुसतं बोट दाखवलं. एव्हाना पाणथळ सीतेच्या आसवांच्या फुलांनी निळीजांभळी व्हायला हवी होती. तिथं सुकून भेगाळलेला चिखल होता. पलीकडं थोडं डबकं उरलेलं, त्यात एकच बगळा.

"पाऊस तर धोधो झाला," कुमुदताई म्हणाल्या. "मग पाणी गेलं कुठं?"

"तुमच्या पायाखाली बघा."

चाकोरी घोट्याच्यावर खोल गेली होती. तिच्यातून पाण्याची धार सुळसुळत कड्याकडं चालली होती. सगळी चाकं नेमकी एका रेषेत गेली, एकही तसूभर चुकलं नाही, आणि मातीत पाट पडला. सड्याचं पाणी त्या पाटानं कड्यावरून खाली कोकणात जात होतं.

"करायला गेलो गणपती आणि झाला मारुती," कुमुदताई पुटपुटल्या.

"चाकोरी बुजवावी लागेल, काकू. नवी वाट, नवा ठसा. शलाकाचा ठसा पुसायचा, तर करारानं तुमची संमती लागते." आसिफची मान खाली होती. "घरी स्टँडवर चालेल अशी प्रत करून देतो."

"स्टँडवर चाक फिरवून काय करू? ती घरात नाही रे भेटत मला. इथं भेटते."

"काकू..."

"नाही देत संमती. जा, काय करायचं ते कर."

त्या तशाच पुढं निघाल्या. हँडल वळत होतं, लेक पुढं चालली होती, पण त्यांचं लक्ष काही लागेना. इतर लोक वर्षातून एकदा यायचे, फोटो काढून जायचे. इथं न चुकता दर रविवारी कोण येत होतं? शलाकानं जी पाणथळ जिवापाड जपली, तिला पाट फोडण्यात सगळ्यांत मोठा हात तिच्या आईचा होता. कड्याशी येऊन त्या उतरल्या, दगडावर बसल्या आणि पदर तोंडाला लावून खूप रडल्या. परतताना त्यांनी आसिफला गाठलं.

"संमती देते. पण नव्या वाटेचा वाटाड्या कोण?"

"तीच तर पंचाईत आहे. मी दोनदा नव्या वाटेनं जाऊन बघितलं. ठसा बंद केला तरी हात आपोआप जुन्या चाकोरीत जातात. सगळ्यांचंच तसं होतंय."

"मग मी जाते," कुमुदताई म्हणाल्या. "तिला टाळायचं तर ती नेमकी कुठं आहे, हे ठाऊक नको?"

चाकोरी दगडांनी आणि गवताच्या ढेपांनी बुजवली, त्यानंतर त्या सड्यावर उतरल्या. हँडल मुकं होतं. जिथं लेक डावीकडं जायची तिथं त्या उजवीकडं वळल्या, खडकाच्या उघड्या पाठीवरून, जिथं चाक रुतणार नाही. उताराला ब्रेक दाबून धरले. हे फार जड गेलं त्यांना. लेकीला टाकून निघाल्यागत वाटत होतं, पण त्या गेल्या. फक्त एका जागी नव्या वाटेला जुनी चाकोरी ओलांडावीच लागत होती. तिथं त्यांचं चाक थांबलं. त्या हँडलवर ओणवल्या, हाताचं वजन हँडलवर आलं, आणि किती वेळ गेला हे त्यांनाही कळलं नाही. मग त्यांनी पेडल मारलं.

संध्याकाळी ठसा तपासताना आसिफ म्हणाला, "इथं तुम्ही बराच वेळ थांबलात. हे गाळून टाकू?"

"राहू दे. तिथं जपूनच जायला हवं लोकांनी." हे कारण काही अगदी खोटं नव्हतं.

पुढच्या मोसमात पाणथळीत पाणी ठरलं. फुलं थोडीच आली, पण आली. कुमुदताई आता सायकलवर बसत नसत. स्वतःच्याच मागं कुठं जायचं? त्या फाटकाशी बसून येणाऱ्याजाणाऱ्यांना पाणी देत. एका रविवारी बेळगावकडचे एक गृहस्थ सडा पार करून आले. चांगला धट्टाकट्टा माणूस, पण चेहरा उतरलेला. पाण्याचा तांब्या हातात घेऊन तसेच उभे राहिले.

"मावशी, तुम्ही इथल्याच का?"

"हो. का हो, पडलात की काय?"

"छे, छे. वाटेत एका जागी सायकल थांबते बघा. हँडल असं जड होतं, आपण आपसूक वाकतो, आणि..." ते जरा ओशाळले. "काय सांगू, माझ्या डोळ्याला धारच लागली. माझ्या घरी तर सगळं ठीक आहे. मग हे कुणाचं काय होतं?"

कुमुदताईंनी त्यांच्या हातातला तांब्या घेतला, पुन्हा भरला.

त्या गृहस्थांनी एकदा मागं सड्याकडं बघितलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "ही वाट ज्यांची आहे, ते बरे आहेत ना आता?"