तिरकं झाड, सरळ झाड

"थांबा! ते झाड कापू नका!" पोरांच्या टोळीतला बटण ओरडतच जिना उतरला.

करवतवाल्याने करवत बंद केली. "का रे? लाल फुली आहे की! साहेबांनी तपासलंय."

साहेब म्हणजे खारचे बाबा. इमारतींजवळची धोक्याची झाडं शोधायची आणि त्यांच्यावर फुली मारायची, हे त्यांचं काम. झाडांवर सरसर चढते म्हणून टोळीने जिचं नाव खार ठेवलं, ती सुट्टीभर त्याच तोऱ्यात मिरवत होती.

"हे तिरकं झाड ठणठणीत आहे," प्रोफेसर म्हणाली. चष्मा आणि आगाऊपणा, दोन्ही जाड, म्हणून टोळीत तिचं हे नाव. "ते शेजारचं सरळ बघा! बुंध्याला मागून अळंबी फुटलीय, मुळांपाशी माती उचललीय. आणि समोरच बटणची खिडकी. तिथे त्याची धाकटी बहीण झोपते!"

"कार्टी शहाणी झाली!" सोसायटीचे सेक्रेटरी काका गॅलरीतून खेकसले. "अगं, तिरकं पडेल की सरळ? चालू द्या हो करवत!"

बटण खारकडे वळला. "तुझ्या बाबांनी ते सरळ झाड मागून पाहिलं होतं ना गं?"

"म्हणजे काय! हातोड्याने ठोकून पाहिलं!"

बोलताना तिचे कान तापले. त्या दिवशी ती बाबांबरोबरच होती. बाबा गाडीतून उतरलेच नव्हते. काच खाली करून त्यांनी मदतनिसाला बोट दाखवलं होतं, "ते वाकडं. मार फुली." झालं काम! मोठ्या माणसांचा आळससुद्धा किती ऐटीत असतो!

खिडकीत बटणच्या बहिणीचं इवलंसं झबलं वाळत होतं. खारला ते बघवेना. ती फाटकाकडे धावली. बाबा गाडीत फोनवर बोलत होते.

"बाबा, झाड कसं तपासतात ते दाखवा ना! सगळे तुम्हालाच बघायला जमलेत!"

बाबा फुगले. लाकडी हातोडा घेऊन ऐटीत आले.

तिरक्या झाडावर टक्, टक्! आवाज अगदी भरीव. बाबांच्या कपाळावर आठी पडली.

"आता ते सरळ! मागून!" खार म्हणाली.

ढब्ब! रिकाम्या पिंपासारखा आवाज. दुसऱ्या घावाला साल फुटली, हातोडा दांड्यापर्यंत आत गेला आणि काळा भुगा भसाभस बाहेर पडला. बटणची आई किंचाळली आणि बाळाला उचलायला आत पळाली.

"मी तर केव्हापासून म्हणतोय!" सेक्रेटरी काका वरून म्हणाले. कुणी वर पाहिलंसुद्धा नाही.

"फुली मारली त्या दिवशी मी गाडीतून उतरलोच नव्हतो," बाबा म्हणाले. मान खाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"मी खोटं बोलले रे, बटण," खार पुटपुटली.

"कळलं होतं. तुझे कान टोमॅटो झाले होते!"

करवतवाल्याने दोर सरळ झाडाला बांधला आणि खारच्या पाठीवर थाप मारली. "शाबास पोरी! साहेबांची लेक शोभतेस!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खारला वाटलं, जमीन फाटावी आणि आपण आत जावं.

"मला मुद्दाम आणलंस ना?" बाबांनी हळूच विचारलं.

"हो."

"बरं केलंस."

करवत सुरू झाली. बापलेक शेजारी शेजारी उभे राहिले, पण झाड आडवं होईपर्यंत दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.