दोन डाव्या बाह्या

"दोन्ही बाह्या डाव्या!" कोट टेबलावर आपटत सासूबाई कडाडल्या. "अगं, एवढी वर्षं माझ्या हाताखाली शिकलीस, ते सगळं पाण्यात?"

गिऱ्हाईक ओशाळून दाराकडे बघू लागलं. सुनेने मान खाली घातली. "चुकलं, आई... माझ्याच हातून झालं!"

गल्ल्यामागून नवरा उसळला. "तुझ्यापायी आईने कमावलेलं नाव मातीत जाणार! उद्यापासून मशीनला हात लावायचा नाही!"

खरं तर त्या बाह्या सुनेने शिवल्याच नव्हत्या. डोळे तपासायच्या बहाण्याने तिने सासूबाईंना दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, स्मृतिभ्रंशाची ही नुसती सुरुवात आहे, पण त्यांच्या मेंदूतल्या पेशी मरू लागल्यात, आणि गेलेल्या पेशी परत येत नाहीत. नवऱ्याला कळलं असतं तर काळजीपोटी त्याने त्याच दिवशी आईच्या हातून कात्री काढून घेतली असती. आणि जिच्या बळावर त्या माउलीने एकटीने संसार ओढला ती कात्री गेल्यावर त्या उरल्या असत्या का?... म्हणून दुपारी त्यांचा डोळा लागला की ती गुपचूप त्यांचे चुकलेले टाके उसवून नीट करायची. हा कोट तेवढा नजरेतून निसटला.

सासूबाई पुटपुटत बाही उसवायला बसल्या. अस्तर उलटलं, आणि त्यांचा हात थबकला. शेवटच्या टाक्याला तिहेरी गाठ मारायची त्यांची खोड होती. सून एकच मारायची, आणि त्यावरून रोज बोलणी खायची.

"ही गाठ... माझी आहे!" त्यांनी ती बोटाने चाचपली. "बाह्या मी लावल्या... आणि तू माझं पाप आपल्या माथी घेतलंस?"

"असू द्या ना, आई..."

"असू कसं द्या? अरे, ऐक!" त्या लेकाकडे वळल्या. "मला हल्ली आठवत नाही रे! उद्या हेही विसरेन, म्हणून आजच सांगते, या पोरीचा काही दोष नाही!" त्यांनी सुनेला पोटाशी धरलं. लेकाचे डोळे भरून आले.

सकाळी कोट टेबलावर तसाच पडला होता. सासूबाईंनी तो उचलला, निरखला, आणि कपाळावर हात मारला.

"दोन्ही बाह्या डाव्या! सूनबाई, हे काय करून ठेवलंस?"

तेवढ्यात नवरा उठून बायकोच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"तिने नाही, आई. मी लावल्या."

"तू?" सासूबाईंना हसू फुटलं. "तुला साधं बटण लावता येत नाही, मेल्या! बायकोला पाठीशी घालतोस होय?"

त्यांनी कात्रीकडे हात नेला. अस्तर उलटायच्या आत सुनेने कोट हळूच आपल्याकडे ओढून घेतला.

"राहू द्या, आई. माझी चूक मीच उसवते."